जाळीपासून चमच्यापर्यंत: पोटाच्या अल्सरसाठी प्रोपोलिस-मध तयार करताना

सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाशीच्या पेटीत प्रोपोलिस (झाडांच्या राळेपासून माश्यांनी केलेले चिकट भरण) मिळत नाही. महाबळेश्वर, भुदरगड किंवा कोकणात ज्यांच्या परसात सातेरीच्या पेट्या आहेत, त्यांना हे आधी सांगावे लागते. झाकणाच्या कडेला चिकटलेला पिवळट थर खरवडून ‘हेच का ते?’ असे बरेच जण विचारतात. ते मेण असते. सातेरी माशी पेटीतल्या फटी मेणानेच बुजवते. झाडांची राळ गोळा करण्याच्या भानगडीत ती जवळपास पडतच नाही. राळ आणते ती मेलिफेरा, म्हणजे युरोपियन माशी, आणि बिनडंखाची पोयाची माशी. पोयाची माशी तर राळ आणि मेण एकत्र मळून त्याच्याच मडक्यांसारख्या कुप्या बांधते आणि त्यांत मध साठवते. तो मध आंबट आणि पातळ असतो, त्यात पाणी फार, त्यामुळे महिन्याभरात फसफसू लागतो. मिळतोही वाटीभर. म्हणून या कामाला मेलिफेराच्या पेट्या घेतल्या.

पोटाच्या अल्सरसाठी माशांच्या पेटीतली चार उत्पादने सुचवली जातात: मध, प्रोपोलिस, परागकण आणि राजान्न (रॉयल जेली). त्यांपैकी पहिल्या दोनांवरच आम्ही वेळ घालवला. राजान्न बाजारात येते त्यातले बरेचसे वाटेत सलग थंड ठेवलेले नसते. परागकणांची काहींना ॲलर्जी असते आणि पोटाच्या अस्तराशी त्यांचा थेट संबंध सांगणारा पुरावा विरळ आहे.

प्रयोगशाळेत नेमके काय दिसले आहे हे नीट समजून घेतल्याशिवाय बाटली भरण्यात अर्थ नाही. अल्सरचे बहुतेक प्रयोग उंदरांवरचे आहेत आणि त्यांचा साचा ठरलेला आहे. उपाशी उंदराला आधी मध किंवा प्रोपोलिसचा अर्क पाजायचा, काही वेळाने शुद्ध अल्कोहोल किंवा इंडोमेथासिनसारखे वेदनाशामक द्यायचे, मग जठर उघडून अस्तरावरच्या जखमा मोजायच्या. १९४५ पासून वापरात असलेल्या दुसऱ्या एका पद्धतीत जठराचे खालचे तोंड बांधून आम्ल साठू देतात. अशा प्रयोगांत आधी मध दिलेल्या उंदरांच्या जठरात जखमा कमी पडतात. अस्तरातली गंधकयुक्त संरक्षक द्रव्ये टिकून राहतात, बुळबुळीत श्लेष्म्याचा थर कमी झिजतो. प्रोपोलिसमधली फ्लेव्होनॉइड्स आणि कॅफेइक आम्लाची संयुगे सूज कमी करतात. पण यातला ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हे संरक्षण आहे. पडलेली जखम भरून येण्याचा पुरावा यापेक्षा बराच कच्चा आहे.

दुसरी बाजू जंतूची. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरातून वेगळा काढून वाढवला, १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. तेव्हापासून तिखट खाल्ले म्हणून किंवा काळजी केली म्हणून अल्सर होतो हे मागे पडले. बहुतेक अल्सर या जंतूमुळे नाहीतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्यांमुळे होतात. न्यूझीलंडच्या मानुका मधाने काचेच्या बशीत हा जंतू ५ टक्के इतक्या पातळ द्रावणातही वाढू दिला नाही, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांना तोच मध दोन आठवडे देऊन पाहिला तेव्हा जंतू गेला नाही. कारण समजण्यासारखे आहे. बशीत मध आणि जंतू समोरासमोर असतात. पोटात जंतू श्लेष्म्याच्या थराखाली दडतो आणि मध काही मिनिटांत जठररसात पातळ होऊन पुढे सरकतो. साध्या मधाची जंतुनाशक ताकद मुख्यतः हायड्रोजन पेरॉक्साइडची, आणि ते फोडणारे कॅटालेज हे विकर (एन्झाइम) या जंतूकडे भरपूर असते.

त्यामुळे बाटली तयार करतानाच हेतू ठरवला: अस्तराला आधार म्हणून, औषधाच्या जोडीला. जंतू मारायला दहा ते चौदा दिवसांचा प्रतिजैविकांचा कोर्सच लागतो.

आता जाळी. दहा चौकटींच्या लँगस्ट्रॉथ पेटीवर बसणारी प्रोपोलिसची जाळी मिळते. लवचीक खाद्यदर्जाचे प्लास्टिक, फटी ३ मिलिमीटरच्या आसपास. माशीचे गणित असे: ६ ते ९ मिलिमीटरची जागा ती ये-जा करायला मोकळी ठेवते, त्याहून मोठी दिसली की पोळे बांधते आणि लहान असली की राळेने बुजवते. जाळी चौकटींच्या माथ्यावर अगदी टेकवून ठेवावी लागते. खाली बोटभर जागा राहिली की माश्या जाळीला लोंबते मेणाचे पोळे बांधतात आणि प्रोपोलिस म्हणून हातात मेणच येते. जाळीच्या वर मात्र उजेड आणि हवा हवी. आम्ही वरच्या झाकणाखाली चारही कोपऱ्यांत आगपेटीच्या काडीएवढ्या लाकडी चिपा ठेवल्या. वारा लागला की माश्या जाळी बुजवायला घेतात. पेटी घट्ट झाकलेली असेल तर महिना उलटला तरी जाळी कोरीच राहते, असे पहिल्या खेपेस झाले.

हिवाळ्यात चौकटींवर तरटाचा तुकडा टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. माश्या तरटालाही राळ फासतात आणि ते खरवडून विकणारेही आहेत. त्यात तागाचे तंतू इतके येतात की गाळण्याची कापडेच तुंबतात. पेटीच्या कडा पटाशीने खरवडून निघते त्यात लाकडाचा भुगा आणि रंगाचे पापुद्रे असतात. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. पोटात घ्यायच्या प्रोपोलिससाठी फक्त जाळीचे घ्यावे. खरवडलेले लाकूड-वार्निशला ठीक.

जाळी टाकायची वेळ पावसाळा ओसरल्यावर. आंबा, फणस, निलगिरी अशा झाडांच्या खोडातून, कळ्यांतून पाझरणारा चीक उन्हात मऊ होतो. माशी तो जबड्याने ओरबाडून मागच्या पायांवर लादून आणते, आणि पेटीत दुसऱ्या माश्या तो तिच्या पायांवरून ओढून काढतात. फुलोरा जोरात असतो तेव्हा माश्या मधाच्या मागे असतात, जाळीकडे ढुंकून पाहत नाहीत. आणि एक धोका: आसपास राळेची झाडे नसतील तर माश्या रस्त्याचे डांबर, ओला रंग, पाइपांच्या सांध्यातले भरण असे काहीही उचलतात. रस्त्याचे काम चालू असलेल्या ठिकाणच्या पेट्या यातून वगळल्या.

माश्यांवर जगणाऱ्या वरोआ किडीसाठी पेटीत फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्या टांगल्या असतील तर ते प्रोपोलिस घेऊ नये. हे औषध तेलकट, मेणात आणि राळेत जाऊन बसते आणि पुढे अर्क काढताना अल्कोहोलबरोबर बाटलीतही येते. ज्या पेट्यांत त्या वर्षी ऑक्झॅलिक किंवा फॉर्मिक आम्लावरच भागवले होते, त्यांवरच जाळ्या टाकल्या. विकत घेत असाल तर विक्रेत्याला हा एक प्रश्न जरूर विचारावा.

दोन-अडीच महिन्यांनी जाळी भरली. एका पेटीतून वर्षाला शंभर ग्रॅमच्या आसपास मिळाले तर चांगले समजावे. जाळी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवली. १५ अंशांच्या खाली प्रोपोलिस काचेसारखे ठिसूळ होते, तीस-पस्तीस अंशांना चुइंगमसारखे चिवट. सकाळी पिशवीतून बाहेर न काढता जाळी पिळली, वाकवली. तुकडे खळखळ पिशवीत पडले. हे काम दोन मिनिटांत उरकायचे. जाळी कोमट झाली की तुकडे पुन्हा फटींना धरून बसतात आणि परत फ्रीझर गाठावा लागतो.

तुकडे गार पाण्याच्या पातेल्यात टाकले. प्रोपोलिस पाण्यापेक्षा जड, तळाशी बसते. मेणाचे कण, माश्यांचे पाय-पंख वर तरंगतात, ते झाऱ्याने काढले. गरम पाणी वापरायचा मोह होतो, तो टाळावा. सगळे वितळून एक गोळा होतो आणि त्यात कचरा कायमचा अडकतो. धुतलेले तुकडे सावलीत कापडावर दोन दिवस वाळवले. वाळल्यावर पुन्हा गोठवून मिक्सरच्या लहान भांड्यात सेकंदभराचे झटके देत दळले. मिक्सर सलग फिरवला तर पाती तापतात, प्रोपोलिस पातळ होऊन त्यांना चिकटते आणि भांडे निकामी होते. पूड कॉफीच्या रव्याएवढी पुरे.

अर्क कशात काढायचा, इथे खरा पेच आहे. प्रोपोलिसमध्ये ढोबळमानाने अर्धी राळ, तीस टक्के मेण, दहा टक्के सुगंधी तेले, बाकी परागकण आणि इतर. राळेतली कामाची द्रव्ये पाण्यात नीट उतरत नाहीत. पाण्यात येतात ती काही फिनॉलिक आम्ले. फ्लेव्होनॉइड्स बरीचशी चोथ्यातच राहतात. सगळ्यात चांगला उतारा ७० टक्के अल्कोहोलमध्ये येतो. ९६ टक्क्यांत मेणही विरघळू लागते, ४० टक्क्यांच्या मद्यात उतारा कमी येतो. पण ज्या अल्कोहोलने उंदराच्या जठरात जखमा करतात त्याचाच अर्क अल्सरच्या रुग्णाला उपाशीपोटी द्यायचा, हे काही पटत नाही. बाजारातले बहुतेक प्रोपोलिसचे थेंब असेच अल्कोहोलातले असतात. वीस-तीस थेंबांत अल्कोहोल जेमतेम अर्धा ग्रॅम असते, ग्लासभर पाण्यात ते नगण्य. तरी थेंब तसेच जिभेवर घेणारे लोक असतात आणि ‘जळजळतंय म्हणजे गुण येतोय’ असेही म्हणतात. म्हणून आम्ही अर्क अल्कोहोलात काढून मग अल्कोहोल उडवले.

महाराष्ट्रात रेक्टिफाइड स्पिरिट (सुमारे ९५ टक्के अल्कोहोल) बाळगायला दारूबंदी कायद्याचा परवाना लागतो. परवाना नसेल तर या वाटेने जाऊ नये. पूड थेट मधात मळायची सोपी पद्धत खाली दिली आहे. दुकानातले सर्जिकल स्पिरिट किंवा डिनेचर्ड स्पिरिट कदापि नाही. त्यात मिथेनॉल किंवा दुसरे काही विष मुद्दाम मिसळलेले असते आणि ते शेवटच्या थेंबापर्यंत उडाले की नाही हे घरी कळायला मार्ग नाही.

प्रमाण: ३० ग्रॅम पूड, ७० टक्के अल्कोहोल १०० मिली. ९५ टक्के स्पिरिटातून ७० टक्के करायचे तर ७४ मिली स्पिरिट घेऊन त्यात पाणी घालत एकूण १०० मिली करावे. अल्कोहोल आणि पाणी मिसळल्यावर आकारमान थोडे आकसते, म्हणून २६ मिली पाणी मोजून घालण्यापेक्षा रेषेपर्यंत भरणे बरोबर. तपकिरी काचेची बरणी, घट्ट झाकण, अंधारे कपाट, चौदा दिवस, रोज एकदा जोरात हलवणे. दोन-तीन दिवसांतच द्रव चहाच्या अर्कासारखा गडद होतो. तरी घाई करू नये. बरणी प्लास्टिकची नको, राळ तिला कायमची चिकटते.

चौदाव्या दिवशी मलमलीतून आणि मग कॉफीच्या कागदातून गाळले. गाळलेला अर्क रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. विरघळलेले थोडे मेण थंडीत दुधी साका होऊन बसते, ते गार असतानाच पुन्हा गाळावे. ही पायरी सुटली तर पुढे मधात पांढरे कण दिसतात आणि घेणाऱ्याला बुरशी आल्यासारखे वाटते.

किती उतरले ते मोजले. वजन केलेल्या वाटीत ५ मिली अर्क घेऊन गरम पाण्यावर सुकवला, वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा तोलला. ०.६ ग्रॅम आले, म्हणजे १०० मिलीत १२ ग्रॅम कोरडा अर्क. हा आकडा दर वर्षी, दर जागी बदलतो. माशीने कोणते झाड गाठले त्यावर ते आहे. युरोपातल्या प्रयोगांतले प्रोपोलिस बहुतेक पॉप्लरच्या कळ्यांचे असते, ब्राझीलचे हिरवे प्रोपोलिस बॅकॅरिस या झुडपाचे. आपल्या सह्याद्रीत पॉप्लर नाही. तेव्हा तिथल्या निष्कर्षातला मिलिग्रॅमचा आकडा उचलून इथल्या बाटलीवर छापणे अप्रामाणिकपणाचे आहे, छापणारे पुष्कळ असले तरी.

अल्कोहोल उडवायला पसरट काचेचे भांडे, खाली ४५ अंशांचे पाणी, वर पंखा. गॅसची शेगडी त्या खोलीत पेटती नको. अल्कोहोलची वाफ भडका घेते. दाराखिडक्या उघड्या ठेवून चार-पाच तासांत भांड्यात चॉकलेटी, चिकट लगदा उरला. वास घेऊन अल्कोहोल संपला असे ठरवू नये, नाक लवकर मरते, वजनावर ठरवावे. आलेले वजन अपेक्षित कोरड्या अर्काजवळ पोचले की झाले.

मध निवडताना एकच कसोटी लावली: तो पिकलेला असावा. चौकटीची तीन चतुर्थांशाहून जास्त घरे मेणाने झाकलेली असतील तरच ती मधयंत्रात घालावी. चौकट आडवी धरून झटका दिल्यावर थेंब उडाले तर तो मकरंद आहे, अजून मध झालेला नाही. मधातले पाणी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर पाणी २० टक्क्यांच्या आत दिसायला हवे. तीच आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकाचीही मर्यादा आहे. सह्याद्रीतल्या दमट हवेत सातेरीचा मध सहज २२ टक्क्यांवर राहतो आणि त्यात बाहेरून काही मिसळले की आंबायला वेळ लागत नाही. 

मध गरम करू नये हे आयुर्वेदातले पथ्य इथे सरळ लागू पडते. पेरॉक्साइड तयार करणारे ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर उष्णतेने आणि उजेडाने मरते. मध गोठला असेल तर बरणी ४० अंशांच्या पाण्यात ठेवून सैल करावा. उकळत्या चहात घातलेला मध म्हणजे महाग साखर.

मिसळण्यात पहिली खेप फसली. लगदा सरळ १ किलो मधात टाकून ढवळला तर तपकिरी गुठळ्या होऊन तरंगत राहिल्या. राळ साखरेच्या पाकात विरघळत नाही, ती फक्त बारीक पसरवता येते. दुसऱ्या खेपेस १० ग्रॅम लगदा कोमट खलात घेऊन त्यात आधी चमचाभर मध घातला, एकजीव होईपर्यंत घोटला, मग आणखी दोन चमचे, मग आणखी, असे वाढवत नेले. अर्ध्या तासाच्या घोटण्याने गडद, एकसारखा मध झाला. प्रमाण १ किलो मधाला १० ग्रॅम कोरडा अर्क. चहाचा चमचा साधारण ७ ग्रॅम मधाचा, म्हणजे एका चमच्यात ७० मिलिग्रॅम अर्क.

अल्कोहोल नकोच असेल त्यांच्यासाठी: गोठवून दळलेली पूड रव्यापेक्षाही बारीक चाळणीने चाळावी, १ किलो मधात २० ग्रॅम, त्याच पद्धतीने घोटावी. मेण तसेच राहते, ते निरुपद्रवी आहे आणि पचत नाही. पूड दातांना चिकटते, आणि गुण किती उतरतो हे सांगता येत नाही. पण धोका कमी आणि परवानाही लागत नाही.

घेण्याची रीत: एक चमचा, अर्ध्या वाटी कोमट पाण्यात, जेवणाआधी अर्धा तास. पाण्यात कालवण्याला कारण आहे. घट्ट मधात पेरॉक्साइड तयार करणारे ते विकर निद्रिस्त असते, पातळ केल्यावर जागे होते. शिवाय नुसता घट्ट मध उपाशीपोटी काहींना मळमळवतो, फ्रुक्टोज न पचणाऱ्यांना वायू आणि जुलाब देतो. पहिल्यांदा घेण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला पुसटसे लावून ४८ तास थांबावे. प्रोपोलिसची त्वचेची ॲलर्जी दुर्मिळ नाही, पेट्या हाताळणाऱ्यांतही दिसते. खाज, पुरळ, ओठांना सूज आली तर विषय संपला. माशीच्या डंखाची किंवा परागकणांची ॲलर्जी असलेल्यांनी, दम्याच्या रुग्णांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींसाठी चमच्यात साडेपाच ग्रॅम साखर आहे हे हिशेबात धरावे. एक वर्षाखालील बाळाला कोणताही मध चाटवू नये, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो.

‘पित्त’ या एका शब्दाखाली आपल्याकडे जळजळ, अपचन, अल्सर आणि कधी हृदयविकारसुद्धा जातो. म्हणून चमचा हातात घेण्याआधी तपासणी. श्वासाची युरिया चाचणी, शौचातील अँटिजेन किंवा दुर्बिणीतून घेतलेला नमुना यांतून जंतू कळतो. त्याआधी पॅन्टोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद हव्यात, नाहीतर चाचणी खोटी नकारार्थी येते. अर्थात गोळ्या डॉक्टरांना विचारूनच थांबवाव्यात. डांबरासारखी काळी शौच, कॉफीच्या गाळासारखी उलटी, गिळताना अडकणे, कारण नसता वजन उतरणे, पोट एकदम फळीसारखे कडक होणे, यांत मधाची बरणी उघडत बसू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

भरलेल्या बाटल्या तपकिरी काचेच्या, कपाटात. चिठ्ठीवर पेटीचा गाव, जाळी काढल्याचा महिना, कोरड्या अर्काचे प्रमाण आणि घोटल्याची तारीख. ‘अल्सर बरा करते’ असे लिहिता येत नाही. अन्नपदार्थाच्या वेष्टनावर रोग बरा करण्याचा दावा कायद्याने चालत नाही. सहा महिन्यांत राळ वर जमू लागते, स्वच्छ चमच्याने पुन्हा ढवळावी. फेस आला, आंबूस वास सुटला तर बाटली टाकून द्यावी.

गाळल्यावर उरलेला मेण-राळेचा चोथा फेकला नाही. थोड्या गरम मेणात कालवून तो रिकाम्या पेटीच्या आतल्या भिंतींना आणि दाराला चोळून ठेवला. थवे फुटतात त्या दिवसांत अशा वासाच्या पेटीकडे माश्या लवकर वळतात.